टीम गेली म्हणून मीही जायचं का? (ओकलंड ए'ज आणि "खरा फॅन")

हेवर्डकर:
काल इथे एकाने लिहिलं की ए'ज, म्हणजे आपली ओकलंडची बेसबॉल टीम, सॅक्रामेंटोला गेल्यावर ज्यांनी मॅच बघणं सोडलं ते कधी फॅन नव्हतेच, खरा फॅन टीमच्या मागे जातो. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. मी चौथीत असताना आम्ही दादरहून हेवर्डला आलो, बाबांना बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं, पण बार्ट लोकलने थेट कोलिझियमच्या, म्हणजे ए'जच्या स्टेडियमच्या, पुलावर उतरता यायचं आणि तिकीट परवडायचं म्हणून रविवारी जायचो. आमचा रिकी हेंडरसन पहिल्या बेसवरून पळायला निघाला की बाबा खुर्चीतून उठलेच म्हणून समजा, बाकी नियम राहू देत, चोरून बेस घेणारा माणूस त्यांना बरोबर कळला होता. ८९ साली वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची फायनल, सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सशी होती, आमच्या आख्ख्या बिल्डिंगमध्ये जायंट्सवाले विरुद्ध आम्ही असं चाललेलं आणि तिसऱ्या मॅचच्या आधी भूकंप झाला. हे सगळं टीम ओकलंडची असताना घडलं ना? मालकाने चांगले खेळाडू घालवले, चॅपमन विकला, ओल्सन विकला, मर्फी विकला, मग म्हणे लोक येत नाहीत. १३ जून २०२३ ला रिव्हर्स बॉयकॉट केला, म्हणजे निषेध म्हणून मुद्दाम स्टेडियम भरायचं, तेव्हा २७,७५९ लोक आले, 'सेल' (टीम विकून टाक) लिहिलेले हिरवे टीशर्ट घालून. कोलिझियममधल्या शेवटच्या मॅचला ४६,८८९. आता टीमच्या नावात शहरसुद्धा नाही, नुसतं अ‍ॅथलेटिक्स, आणि २०२८ ला लास वेगास. मी कुठेही गेलेलो नाही, इथेच आहे. सोडून ते गेलेत.

बे_एरिया_बापू:
तो मीच. आणि अजून तेच म्हणतो. तुम्ही लोक मोठ्या अभिमानाने "नऊ वर्ल्ड सीरिज" सांगता ना, त्यातल्या पाच फिलाडेल्फियाच्या आहेत. ५४ पर्यंत टीम तिथे, मग कॅन्सस सिटी, मग ६८ ला ओकलंड. म्हणजे दुसऱ्यांच्या गावातून उचलून आणलेली टीम तुमच्याकडे आली तेव्हा ती तुमची, आणि तुमच्याकडून गेली की ती टीमच नाही? कॅन्ससमधल्या पोरांचं काय झालं असेल याचा विचार कधी केलात?

हेवर्डकर:
कॅन्ससच्या पोरांना पुढच्याच वर्षी, ६९ ला, रॉयल्स ही नवी टीम मिळाली. डॉजर्स आणि जायंट्स न्यूयॉर्क सोडून गेले, तर ब्रुकलिनच्या लोकांना ६२ ला मेट्स मिळाले, डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा केशरी रंग घेऊन. ओकलंडला काय मिळणार ते सांगा. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ ला पूल ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, फुटबॉलचे रेडर्स २०२० ला लास वेगासला गेले, आता हे. एकाच गावाने किती सोसायचं? आणि नऊचं म्हणाल तर मी कायम चारच मोजतो, ७२, ७३, ७४ आणि ८९.

सॅनहोजेची_मावशी:
मूळ पाप कोणी बोलतच नाहीये. ए'जचे तेव्हाचे मालक हास, भला माणूस, त्यांनी ९० च्या सुमारास जायंट्सना सांता क्लारा काउंटीचा, म्हणजे सॅन होजेच्या भागाचा, हक्क फुकटात देऊ केला, का तर त्यांना सॅन होजेत स्टेडियम बांधता यावं. ते लोकांनी मतदानात पाडलं, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोतच राहिले, पण हक्क परत केला नाही! पुढे ए'जना सॅन होजेला यायचं होतं तर हेच जायंट्स आडवे आले. आमचं शहर कोर्टात गेलं, २०१५ ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला, कारण १९२२ पासून बेसबॉलला मक्तेदारीच्या कायद्यातून सूट आहे. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर स्टेडियम झालं असतं. त्यामुळे जायंट्सचं नाव काढू नका माझ्यासमोर.

केशरी_टोपी:
मावशी, जायंट्सनी २००० साली स्वतःच्या पैशाने स्टेडियम बांधलं, बँकांकडून कर्ज काढताना दक्षिणेकडचं गिऱ्हाईक आपलंच आहे हे धरूनच हिशोब केला असणार. दिलेला हक्क कोण परत करतं? तुम्ही दिला असता?

सॅनहोजेची_मावशी:
हो, दिला असता. ज्या कामासाठी दिला ते काम झालं नाही तर वस्तू परत करायची असते, आमच्याकडे तरी तशीच पद्धत आहे.

फ्रीमाँट_आजोबा:
आणि फ्रीमाँटचं काय? ए'जचं स्टेडियम इथे व्हायचं २००६ ला ठरलेलं, २००९ ला गुंडाळलं. वॉर्म स्प्रिंग्जची जागा निघाली तेव्हा सिटी कौन्सिलसमोर ट्रॅफिक आणि घरांच्या किमती म्हणून बोंब मारणाऱ्यांत आपलीही माणसं होती, मी स्वतः त्या सभेला बसलेलो. आज तीच घरं "बे एरियात एकच टीम उरली" म्हणून हळहळतायत. मला त्या हळहळीचा राग येतो.

बार्टचा_प्रवासी:
आजोबा, त्या विरोधकांत मी होतो. दोन लहान मुलं आणि शाळेसमोरचा एकच रस्ता. मालक करोडपती, त्याच्यासाठी मी माझा रस्ता का द्यायचा? फॅन असणं म्हणजे सगळं सहन करणं नव्हे.

फ्रीमाँट_आजोबा:
मग टीम गेली म्हणून रडायचं पण नाही.

कोथरूड_ते_शिकागो:
तुमचं निदान छप्पन्न-सत्तावन्न वर्षं चाललं. पुण्यात आयपीएलचे आधी पुणे वॉरियर्स आले आणि २०१३ ला संपले, मग सुपरजायंट दोनच सीझन. २०१७ ची फायनल मुंबईकडून एका रनने हरलो आणि पुढच्या वर्षी टीमच नाही. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी मुंबईचा झाला, मी अजून कुणाचाच नाही, आणि यावरून घरात आजही भांडण होतं. भावाला मी 'तू फॅन नाहीस' असं म्हणणार नाही, पण बापूसाहेब, मलाही तसं म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

बे_एरिया_बापू:
आयपीएल मध्ये आणू नका, ती टीम दोन वर्षांसाठीच आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ए'जसाठी वेस्ट सॅक्रामेंटोला जातो, जेमतेम १४ हजारांचं मायनर (खालच्या दर्जाच्या) लीगचं स्टेडियम, उन्हात भाजून निघतो, तरी जातो, कारण माझ्यासाठी टीम म्हणजे तो हिरवा-सोनेरी शर्ट आणि रोजचा स्कोअर. माझा मुलगा जायंट्सचा आहे. २०१०, २०१२, २०१४, जिंकणारी टीम बघत मोठा झाला. त्याला मी काही बोललो नाही.

हेवर्डकर:
मुलाला बोलला नाहीत आणि आम्हाला बोललात.

बे_एरिया_बापू:
ठीक आहे, "कधी फॅन नव्हतेच" हे वाक्य मागे घेतो. तेवढंच. टीम सोडणं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

हेवर्डकर:
तेवढं पुरे. मी ओकलंड बॉलर्स बघतोय सध्या, २०२४ ला सुरू झालेली छोटी बेसबॉल टीम, पायोनियर लीग नावाच्या छोट्या लीगमधली, वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कात. दर्जा मेजर लीगचा नाही, आउटफिल्डर झेल सोडतात, पण छातीवर ओकलंडचं 'बी' आहे आणि शेजारी बसलेले निम्मे लोक कोलिझियमचे ओळखीचे आहेत. बापू, एकदा या, सॅक्रामेंटोपेक्षा ऊन कमी आहे.

सॅनहोजेची_मावशी:
ते जाऊ दे, सांता क्लाराचा हक्क अजून जायंट्सकडेच आहे, त्याचं बोला कुणीतरी.