शब्दचर्चा : ‘आभासी पाणी’ला बांधावरचा शब्द कोणता?

यावल : शाळेतल्या मुलांना एखादी वस्तू तयार होताना लागणाऱ्या पाण्याविषयी सांगायचं आहे. पुस्तकी शब्द ‘आभासी पाणी’. वडिलांना वाचून दाखवला, तर म्हणाले, “रात्री दोनला उठून मोटर चालू करतो, ते पाणी आभासी कसं?” मला उत्तर देता आलं नाही. दुसरा शब्द सुचवा.

धुळे : वडील बरोबर आहेत. लंडनचे भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी 1990च्या दशकात ही कल्पना मांडली. मध्यपूर्वेतले कोरडे देश धान्य आयात करतात, तेव्हा ते पिकवायला लागणारं पाणीही जणू आयात करतात, असं ते म्हणत. मराठीत मात्र आभास म्हणजे नसलेलं दिसणं, दोरीच्या जागी साप दिसावा तसं. इथे नेमकं उलट आहे : पाणी खर्च झालंय, पण दिसत नाही. ‘मुरलेलं पाणी’ कसं वाटतं?

रावेर : मुरलेलं नको. मुरलेलं, जिरलेलं पाणी कधी ना कधी विहिरीला लागतं, म्हणून तर आपण ते जिरवतो. केळीने ओढलेलं पानांवाटे हवेत जातं, ते आपल्या विहिरीत परत येत नाही. आमच्याकडे सरळ विचारतात, “केयीनं किती पानी पेलं?” म्हणून माझं मत ‘पिलेलं पाणी’. किलोभर केळ्यांमागे जागतिक सरासरी 790 लिटर धरतात. वीस किलोच्या घडामागे 15,800 लिटर झाले. त्यातला घड उकिरड्यावर गेला की जीव तुटतो.

यावल : ‘पिलेलं’ मुलांना लगेच कळेल. सुती टी-शर्टचे 2,700 लिटरही सांगते, म्हणजे वीस लिटरच्या 135 बादल्या. आहे तो सदरा आणखी वर्षभर वापरा, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही. पण कापूस तर पावसावरही येतो, मग हिशेब एकच का?

धुळे : एक नाही. अभ्यासक पावसाच्या पाण्याला ‘हिरवं’ आणि नदी-विहिरीच्या पाण्याला ‘निळं’ म्हणतात. आपल्याकडे त्याआधीपासून शब्द आहेत : कोरडवाहू कापूस *ओलीवर* येतो, मे महिन्यात ठिबकवर लावलेला पूर्वहंगामी *पाण्यावर*. मुलांना हेच दोन शब्द द्या.

रावेर : आणि केळीची वाळलेली पानं जाळू नका म्हणावं. बुंध्याशी अंथरली की ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते.