सनस्क्रीन रोज लावते तरी वांग वाढत चाललेत, कुठे चुकतंय?

निंबोळी
नमस्कार, मी नागपूरची, वय ३६. बचत गटांच्या हप्त्यांची वसुली करते त्यामुळे सकाळी १० पासून ३-४ वाजेपर्यंत स्कूटीवरच, मे महिन्यात पण सुट्टी नाही. दोन वर्षांपासून दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलेत, आणि हात तर कोपराच्या खाली दुसऱ्याच कोणाचे वाटतात. घरून निघताना एसपीएफ ५० लावते, एक दिवस चुकवत नाही, तरी वांग गडदच होताहेत. मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं होतं, १५ दिवसांत छान फरक दिसला म्हणून दोन महिने लावलं, आता गाल लाल राहतात आणि उन्हात गेलं की आग होते. सासूबाई लिंबू-बेसन सांगतात, शेजारीण म्हणते एसपीएफ १०० आण. खरंच काही कळत नाही, पैसे पण जाताहेत. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

अबोली
ताई, आधी हे सांगा की तुमची ट्यूब किती दिवस पुरते? माझी ५० ग्रॅमची ट्यूब चार-चार महिने जायची आणि मला वाटायचं किती काटकसरीने वापरते मी. स्किनच्या डॉक्टरांनी तिथंच चूक पकडली. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ काढायची, एवढं क्रीम चेहरा आणि मानेला लागतं. ट्यूबवरचा आकडा चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, आपण लावतो वाटाण्याएवढं, मग ५० चा परिणाम कुठून मिळणार! आणि सकाळी ९ ला लावलेलं दुपारी १२ ला घामाने गेलेलं असतं, दर दोन तासांनी परत लावायला लागतं, घाम पुसला की लगेच.

१०० च्या मागे लागू नका. नीट लावलं तर ३० ने उन्हातली कातडी भाजणारी यूव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडतात आणि ५० ने ९८, पुढे फरक फार थोडा. त्यापेक्षा पीए+++ किंवा ++++ (हे यूव्हीए किरणं अडवण्याचं माप) लिहिलंय का ते बघा, कारण एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं माप आहे आणि काळेपणा यूव्हीएनेही वाढतो, ती किरणं काचेतून पण येतात. वांगाला तर नुसता डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा चालत नाही, म्हणून मला आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड, म्हणजे कातडीसारखा रंग असलेलं सनस्क्रीन दिलं, त्याने पांढरट थरही दिसत नाही.

जेठमध
मी स्वतः मेडिकलमध्ये काम करते म्हणून कळकळीने सांगते, सनस्क्रीनचं नंतर बघू, आधी त्या दुसऱ्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं दिसली तर त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो म्हणूनच लोक थांबत नाहीत आणि मग कातडी पातळ होते, लाली, पुरळ, बारीक केस असं सगळं सुरू होतं. ट्रेटिनॉइनने उन्हाचा त्रास पण वाढतो. हे क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं, पण मागितलं की मिळतं, आणि आमच्याच धंद्यातली माणसं हे करतात याचं मला फार वाईट वाटतं. दोन महिने लावलंय तर बंद कसं करायचं तेही त्वचारोग तज्ज्ञांनाच विचारा, एकदम सोडलं की कधीकधी लाली आणखी उसळते.

आणि लिंबू अजिबात नको! लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात.

काळी_माती
मी यवतमाळकडचा शेतकरी, क्रीमचं मला फार कळत नाही. पण आमच्याकडे वेचणीला आणि निंदणाला येणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल, आणि माझ्या आईचे हात पासष्टीतही तिच्या पोटासारखेच आहेत, फरक नाही. शर्टाला दोन तासांनी परत लावायची भानगड नाही. तुम्ही हातांसाठी सनकोट आणि हातमोजे घ्या, क्रीम चेहऱ्यापुरतं ठेवा. दुपट्टा विरविरीत पांढरा नको, त्यातून ऊन आत येतं, ओला केला तर आणखीच. घट्ट विणीचा गडद सुती घ्या.

दुसरं म्हणजे सावली बघत जा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन कडक. नागपुरात सव्वाबाराच्या सुमारास सूर्य सगळ्यात वर असतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात तर सावली पायाखाली जाते. वसुलीच्या गावांचा क्रम बदलून ११ ते २ कोणाच्या घरात किंवा समाजमंदिरात बसायची कामं ठेवता येतात का बघा.

निंबोळी
ट्यूब काढून बघितली, तिन्ही नावं आहेत. हात थरथरले वाचताना. उद्या मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीला जाते, दोन्ही ट्यूब सोबत नेते. सनस्क्रीनची ट्यूब माझी पण तीन महिने जाते अबोलीताई. दादा, सनकोट आहे घरात, गरम होतं म्हणून घालत नव्हते. गटाच्या मीटिंगा दुपारी ठेवायचं साहेबांशी बोलते, बाकीच्या चौघींना पण तोच त्रास आहे, त्यांनाही हे वाचायला देते. जेठमध, ओपीडीत काय सांगितलं ते इथे लिहिते.