मदत हवी आहे: कराचीतल्या मराठी घरांची जुनी चित्रफीत कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला राहते. २००९ साली युनेस्कोने 'सिटी ऑफ फिल्म' म्हणून गौरवलेलं हे गाव. इथली जवळपास चौथाई वस्ती पाकिस्तानी वंशाची, त्यातली पुष्कळ कुटुंबं मीरपूरची. साठच्या दशकात मीरपूरजवळच्या मंगला धरणाने लाखभर माणसं उठवली, त्यांतले अनेक इथल्या कापड गिरण्यांत आले.

आमच्या मोहल्ल्यातली तरुण मंडळी दोन दिवसांचा चित्रपट महोत्सव करत आहेत. त्यात पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवली आहे. शेजारच्या आपांनी मला विचारलं, "तुमची माणसं पण होती ना कराचीत?" होती, आणि काही घरं आजही आहेत, गणपती बसवतात. तिथली नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तर प्रसिद्धच.

तर, १९४७ पूर्वीच्या कराचीची घरगुती फिल्म, फोटो किंवा आजी-आजोबांचं ध्वनिमुद्रण कुणाकडे आहे का? मूळ वस्तू पाठवू नका, प्रत पुरेल. घरच्यांची परवानगी मात्र आधी घ्या.

दुसरी अडचण मला जास्त छळतेय. प्रेक्षकांत बऱ्याच म्हाताऱ्या बायका असतील, त्यांची बोली पहाडी. वाचता येत नाही, म्हणजे सबटायटलचा उपयोग शून्य. पडदा चालू असताना शेजारी बसून गोष्ट सांगण्याचा प्रयोग कुणी केला आहे का? माईक वापरला की नुसतंच कानात सांगितलं? संवाद बुडाले का? या बायकांना मागच्या रांगेत गप्प बसवून ठेवायचं नाहीये मला.