रिव्हॉल्व्हरचं बॅरल तिरकं निघालं? मिस्त्रीकडं नेऊ नका, कंपनीकडूनच करून घ्या

गोदाकाठचा
परवा केजकर भाऊंनी लिहिलं की नव्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचं बॅरल तिरकं बसलेलं निघालं तर कंपनीच्या मागं फिरण्यात काही अर्थ नाही, आपल्याकडचा एखादा हुशार मिस्त्री गाठायचा, बॅरल वाइसमध्ये धरायचं, फ्रेम म्हणजे सांगाडा जरासा फिरवायचा, हजार-पाचशेत काम. त्याला लोकांनी धडाधड लाईक ठोकले. ते वाचल्यापासून डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहायलो.

माझी हकीकत सांगतो. 2023 च्या दिवाळीनंतर घेतलं, लाखाच्या वर पैसे गेले, लायसन निघायला तीन वर्षं गेली ते वेगळंच. घरी आणून सिलिंडर उघडून रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आन् मागच्या खाचेतून पुढं बघितलं तर माशी, म्हणजे बॅरलच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, डावीकडं कललेली. आधी वाटलं आपलेच डोळे. बायकोला दाखवलं, ती म्हणली सुतारानं दाराची चौकट अशी बसवली असती तर पैसे दिले असते का? मग रेंजवर गेलो, दहा मीटरवरून पाच गोळ्या, पाचही वाटीएवढ्या जागेत पण सगळ्या चार बोटं उजवीकडं. म्हणजे हात हलत नव्हता, मालच चुकलेला. आन् मागची खाच फ्रेममध्येच कापलेली असती, ती सरकवून घ्यायची सोय नाही.

पहिल्याच आठवड्यात डीलरला लेखी दिलं, बिल, लायसनची झेरॉक्स, फोटो, टार्गेटचा कागद सगळं जोडून, आन् पोच घेतली. डीलर म्हणला हळूहळू सवय होईल. सवय कायला करून घ्यायची? कंपनीला ईमेल केला, वरून रजिस्टर पोस्टानं पत्र. महिनाभर काहीच नाही. दुसरं पत्र, तिसरं पत्र, तिसऱ्यात लिहिलं की जिल्हा ग्राहक आयोगात जायलो. आठ दिवसात फोन आला. डीलरमार्फत शस्त्र गेलं, सात आठवड्यांनी माशी सरळ होऊन आलं, एक रुपया लागला नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात शस्त्र जमा करायला सांगतात, तेव्हा माझं तिकडंच होतं, ठाण्यात डीलरची पावती दाखवली.

ही कंपनीची चूक आहे, ती कंपनीनंच निस्तरायची. मिस्त्रीचा हात एकदा लागला की कंपनी म्हणणार तुम्हीच बिघडवलं, आन् तेव्हा तिचं म्हणणं खरं असंल.

केजकर_77
गोदाकाठ भाऊ, तुमचं झालं, आनंद आहे. पण तुमचं झालं म्हणून सगळ्यांचं होतं का? मी जानेवारी 2024 ला घेतलं. वॉरंटी एक वर्ष. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ठाण्यातून फोन, शस्त्र जमा करा. जूनमधी परत मिळालं. पेरणीचे दिवस, तेव्हा कोण रिव्हॉल्व्हर घेऊन बसतंय. जरा मोकळा झालो तर 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली, परत जमा, नोव्हेंबरच्या शेवटी सुटलं. हिशोब करा, बारातले चार महिने माझी वस्तू ठाण्याच्या कपाटात आन् वॉरंटीचं घड्याळ चालूच. दुसऱ्या वेळी आणलं तर बॅरलवर गंजाचे ठिपके. कोणाला विचारायचं?

लायसन फक्त महाराष्ट्रापुरतं, कारखाना दुसऱ्या राज्यात. डीलर म्हणतो मी पाठवत नाही, तुम्ही परवानगी काढून घेऊन जा. त्या परवानगीसाठी कलेक्टर ऑफिसला चार चकरा मारल्या. अशा माणसानं मिस्त्रीकडं नाही जायचं तर कुठं जायचं? माझ्या मावसभावाचं असंच सरळ केलेलं आहे, दोन वर्षं झाले, काही झालं नाही.

लेथवाला_जालना
मावसभावानं दोन वर्षांत गोळ्या किती झाडल्या ते सांगा आधी. कपाटात ठेवल्यावर काहीच होत नसतं.

मी 22 वर्षं लेथवर आहे. बंदुकीचं काम करत नाही, लायसन नाही, पण आटे मला कळतात. गोदाकाठ यांचा चार बोटांचा हिशोब बरोबर बसतो. दोन्ही साईटमधलं, म्हणजे मागची खाच ते माशी, अंतर 120 मिमी धरा, माशी 1 मिमी सरकली तर 10 मीटरवर गोळी 83 मिमी बाजूला जाणार. माशी डावीकडं म्हणजे गोळी उजवीकडं.

आता फ्रेम जराशी फिरवायची म्हणजे काय ते बघा. बॅरल फ्रेममध्ये आट्यांवर आवळलेलं असतं. साधा उजवा आटा असंल आन् नेम धरल्यावर माशी डावीकडं दिसत असंल तर बॅरल जरुरीपेक्षा जास्त आवळलंय. सरळ करायला ते उलटं फिरवायचं, म्हणजे ढिलं करायचं. ढिलं बॅरल घेऊन बार टाकणार का? ते नीट करायला बॅरल काढून त्याच्या खांद्यावरचं, म्हणजे फ्रेमला टेकणाऱ्या कडेचं, थोडं मटेरियल उतरवावं लागतं, मग ते पुढच्या फेरीला घट्ट बसतं, पण तेवढंच ते मागं सिलिंडरकडं सरकतं, मग मागचं तोंडही छाटावं लागतं आन् गोळी शिरती तिथला आतला उतार परत कापावा लागतो. सिलिंडर आन् बॅरलमधली फट साधारण 0.1 ते 0.2 मिमी असती. जास्त झाली तर गरम गॅस आन् शिशाचे कण बाजूला उडतात, कमी झाली तर सिलिंडर घासतो. हे सगळं हजार-पाचशेत?

केजकर_77
माशी उजवीकडं असंल तर? तेव्हा तर नुसतं आवळायचंच ना?

लेथवाला_जालना
आवळायचंच, पण फ्रेमला सगळीकडून धरणारा तिच्याच मापाचा पाना लागतो. पाईपपाना लावून आवळलं की बॅरलच्या खालची फ्रेम, तिथं मटेरियल सगळ्यात पातळ, तडकती. मी बघितलीय. एकजण माझ्याकडं आला, म्हणला इथं वेल्डिंग मारून द्या. केसासारखी चीर होती. मी हात लावला नाही, सरळ सांगितलं की हे आता शस्त्र राहिलं नाही. लाखाची वस्तू गेली त्याची आन् तोंडातून शब्द फुटेना.

काळा कोट
केजकर भाऊ, तुमचा राग समजतो, पण सल्ला मागं घ्या. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 मध्ये दुरुस्तीसुद्धा येते. लायसन नसलेल्या मिस्त्रीनं दुरुस्ती केली तर 2019 च्या सुधारणेनंतर कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. हजार रुपयांसाठी तुम्ही एका गरीब कारागिराला त्यात ढकलताय. आणि ज्याला बाळगायचा अधिकार नाही त्याच्या हाती शस्त्र दिलं म्हणून कलम 29 तुमच्यावर, वर लायसन जाईल ते वेगळंच.

ग्राहक आयोगासाठी दुसऱ्या राज्यात जायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बीडलाच. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. वॉरंटीत असताना डीलरला लेखी कळवलं असेल तर नंतर वर्ष उलटलं तरी मुद्दा जिवंत राहतो. आणि कंपनीनं दुरुस्तीऐवजी बदलून दिलं तर शस्त्राचा नंबर बदलतो, तो लायसनवर चढवून घेतल्याशिवाय घरी आणू नका.

पाटोद्याचा पोरगा
सगळे बॅरल बॅरल करायलेत, मला एक सांगा, रिव्हॉल्व्हर लागतं कशाला? आमच्या एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने होते, 2025 च्या सुरुवातीला सगळ्या महाराष्ट्रानं ते वाचलं, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले. शंभरावर परवाने रद्द करावे लागले. कमरेला लावून लग्नात मिरवायचं आन् इथं येऊन वॉरंटीवर रडायचं. गोळी चार बोटं बाजूला जाती म्हणून दुःख करायलात, मला तर त्यातच समाधान वाटतं.

गोदाकाठचा
तोंड सांभाळून. चार बोटं बाजूला गेलेली गोळी हवेत विरत नसती, ती दुसऱ्या कोणाला तरी लागती. मी अडत दुकानदार आहे, सोयाबीनच्या हंगामात रात्री रोकड घेऊन एकटा येतो, एकदा रस्त्यात अडवून मारलंय मला, डाव्या हाताला अजून रॉड आहे. कमरेला लावून मी आजवर एका लग्नात गेलो नाही.

पाटोद्याचा पोरगा
तुम्हाला मारलं त्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण गावात ज्यांच्याकडं आहेत त्यातल्या किती जणांना कोणी मारलंय? आमच्या शेजारच्या गल्लीत सरपंचाच्या निवडणुकीनंतर बार काढले, माझी आई तेव्हापासून दार लावून बसती. ते शस्त्रसुद्धा लायसनचंच होतं की.

अण्णा_निलंगा
दोघांचंही राहू द्या, खरी गरज ज्याला आहे त्याचं कोणीच बोलत नाही. आमच्या आजोबांकडं निजामाच्या राज्यातली ठासणीची बंदूक होती, पिकं राखायला. आज एका रात्रीत रानडुकरं भुईमुगाचं रान नांगरून टाकतात, रोही आले की हरभरा सफाचट. पीकरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज केला, चौकशी झाली, फाईल बसली. आन् शहरात प्लॉटिंगवाल्याला महिन्यात मिळतं! शेतकऱ्यानं फटाके वाजवत रात्रभर जागायचं का?

पाटोद्याचा पोरगा
अण्णा, हे मात्र खरं आहे. ज्याला लागतं त्याला नाही आन् ज्याला मिरवायचंय त्याला दोन-दोन.

लेथवाला_जालना
अण्णा, डुकरांवर वेगळा धागा काढा, मीबी लिहितो, माझी मका गेलीय. इथं बॅरलचं चाललंय.

अण्णा_निलंगा
वेगळा धागा काढला की कोणी येत नाही, म्हणून इथं बोललो. दोन एकर भुईमूग गेल्यावर माणूस विषय बघत नसतो.

रानवारा
माझा भाचा अमेरिकेत आहे. त्याच्या रिव्हॉल्व्हरचं हेच झालं, माशी कललेली. तिकडं मालकाला स्वतः दुरुस्तीसाठी थेट कारखान्याला पाठवता येतं आन् कारखाना नीट करून परत घरीच पाठवतो, मधी दुकानदार लागत नाही. आपल्याकडं तसं झालं तर निम्मी भांडणं मिटतील.

काळा कोट
तिकडचा कायदा तिकडं. इथं घरपोच शस्त्र यायला लागलं तर पाटोद्याच्या भाऊंची आई दार कधीच उघडणार नाही. मला ते नको. मात्र वॉरंटीतलं शस्त्र कारखान्याला पोचवणं ही डीलरवर सक्ती असली पाहिजे, विकताना त्याला सगळे कागद जमतात तर दुरुस्तीला का जमत नाहीत?

केजकर_77
हे पहिलं कामाचं बोललात ताई. मिस्त्रीचं जे लिहिलं ते मागं घेतो, लेथवाल्यांच्या त्या चिरेपायी घेतो, कलमापायी नाही. आजच मावसभावाला फोन लावला, त्याला सांगितलं बार टाकू नको, आधी लायसनवाल्या गनस्मिथला दाखव. पण कंपनीवर माझा भरवसा नाही तो नाहीच. आन् ठाण्यातले चार महिने वॉरंटीत धरले पाहिजेत यावर कोणी एक शब्द बोललं नाही.

गोदाकाठचा
ते चार महिने धरलेच पाहिजेत, तिथं मी तुमच्याच बाजूला आहे. जमा केल्याच्या आन् परत घेतल्याच्या दोन्ही वेळच्या पावत्या आहेत का? तारखा असतील तर पत्रात टाका. डीलरला वर्षाच्या आत लेखी दिलं होतं का तेवढं सांगा.

केजकर_77
पावत्या आहेत. लेखी नाही, तोंडी सांगितलं होतं, पण व्हॉट्सॲपवर माशीचा फोटो टाकलेला आहे, 9 डिसेंबर 2024 चा. खाली त्याचं उत्तर, "बघू".

काळा कोट
तो मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. त्या तारखेपासून 2 वर्षं धरून चला. उद्या डीलर आणि कंपनी दोघांना लेखी द्या.

केजकर_77
उद्या बाजार आहे. परवा देतो.