अनुभव धागा: तिआनमेन, ४ जून १९८९ – तुमच्या आठवणी

चिनी कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस हू याओबांग १५ एप्रिल १९८९ला गेले. सुधारणांची बाजू घेतो म्हणून पक्षाने त्यांना आधीच पदावरून दूर केलं होतं. त्यांना श्रद्धांजली वाहायला बीजिंगचे विद्यार्थी तिआनमेन चौकात जमले आणि पुढचे सात आठवडे तो चौक शांत झाला नाही. भ्रष्टाचाराला आळा घाला, वृत्तपत्रांना मोकळीक द्या, आमच्याशी समोर बसून बोला, असं त्यांचं मागणं होतं. २६ एप्रिलच्या 'पीपल्स डेली'ने, म्हणजे पक्षाच्या मुखपत्राने, अग्रलेख लिहून त्यांना अराजक माजवणारे ठरवलं. १३ मेला उपोषण सुरू झालं, २० मेला लष्करी कायदा लागला आणि ३ जूनच्या रात्री सैन्य रणगाडे घेऊन शहरात घुसलं.

आपल्यापैकी कोणी तेव्हा वर्तमानपत्रात होतं, कोणी परदेशी शिकत होतं, कोणी पुढे हाँगकाँगला किंवा चीनमध्ये नोकरीला गेलं. ज्याला जे आठवतं ते लिहा. मात्र चिनी मित्रमैत्रिणींची नावं कृपया देऊ नका. त्यांची माणसं अजून तिथेच आहेत.

मुंबई, एका दैनिकाची रात्रपाळी

शनिवार होता. डाक आवृत्ती गेली होती, शहर आवृत्तीचं पहिलं पान लावत होतो. तेव्हा चीनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असत, म्हणून बीजिंग आपल्यापुढे साडेतीन तास, त्यामुळे आमच्याकडे रात्रीचे दहाही वाजले नव्हते तेव्हा टेलिप्रिंटरवर गोळीबाराच्या तारा यायला लागल्या. दर तारेत मृतांचा आकडा वेगळा. फोरमन पानासाठी खोळंबला होता. मी मथळ्यात आकडा घातलाच नाही.

रविवारी रात्री तर बातम्यांचा लोंढा आला. इराणमध्ये खोमेनींचं निधन, उरल भागात गॅसच्या स्फोटात दोन रेल्वेगाड्या सापडून शेकडो ठार, पोलंडमध्ये मतदान. कशाला किती कॉलम द्यायचे यावरून चांगलीच खडाजंगी झाली. एकाच रविवारी एका कम्युनिस्ट देशात लोक मतपेटीपाशी रांगेत उभे होते आणि दुसऱ्या देशात हॉस्पिटलांच्या व्हरांड्यात प्रेतं ठेवली जात होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. चर्चा चौकाची होते, पण जास्त माणसं मेली ती चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर: पश्चिमेला मुशिदीच्या पुलापाशी, चांगआन मार्गावर. त्यांत विद्यार्थ्यांपेक्षा साधे रहिवासी आणि कामगार पुष्कळ होते. सैन्य अडवायला ते घरातून उठून रस्त्यावर आले होते. सरकारने मृतांचा आकडा सुमारे ३०० सांगितला, तोही सैनिक धरून. बाहेरचे अंदाज कित्येक शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात.

लालबाग

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गिरणी कामगार, युनियनचे कार्यकर्ते, हाडाचे कम्युनिस्ट. ८२च्या संपात गिरणी गेली तरी पक्षाचं काम सुटलं नाही. त्या जूनमध्ये त्यांच्या शाखेची बैठक झाली. हा प्रतिक्रांतीचा कट होता, चिनी सरकारला दुसरा मार्ग नव्हता, असं तिथे समजावण्यात आलं. दादा घरी आले आणि ताटावरून तसेच उठले.

पहाटे चौक सोडताना ती पोरं 'इंटरनॅशनल' हे कामगार चळवळीचं गीत गात होती, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. मे दिनाच्या मोर्चात दादा तेच गाणं मराठीतून म्हणायचे. आईला म्हणाले, "अगं, आपलंच गाणं म्हणत होती ती पोरं."

पुढे त्यांना हान दोंगफांगबद्दल कळलं. रेल्वेतला हा इलेक्ट्रिशियन त्या आंदोलनात बीजिंगच्या कामगारांच्या स्वायत्त संघटनेचा पुढारी झाला. कामगारांची, सरकारच्या ताब्यात नसलेली संघटना! पोलीस शोधताहेत हे कळल्यावर तो स्वतः ठाण्यात हजर झाला. २२ महिने कोठडीत काढले, तिथे क्षय झाला आणि पुढे एक फुप्फुस काढावं लागलं. नंतर त्याला हाँगकाँगहून मायदेशी परतू दिलं नाही, तेव्हा तिथूनच तो चिनी मजुरांसाठी काम करत राहिला. दादांनी पक्ष सोडला नाही, पण प्रत्येक अभ्यासवर्गात उठून एकच विचारायचे: राज्य कामगारांचं, तर कामगाराने युनियन काढली की भीती कोणाला वाटते? कोणी नीट उत्तर दिलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

अमेरिकेत पीएच.डी. करत होते तेव्हा

आमच्या लॅबमध्ये दोन चिनी मुलं होती. मे महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड होता तो मी नंतर कधी पाहिला नाही. ३० मेला कला अकादमीच्या विद्यार्थ्यांनी चौकात लोकशाही देवीचा दहा मीटर उंच पुतळा उभारला. त्याचा फोटो त्यांनी फ्यूमहूडच्या काचेवर चिकटवला होता.

४ जूननंतर ती डिपार्टमेंटच्या फॅक्स मशीनपाशीच असायची. व्यापारी डिरेक्टरीतून चीनमधल्या कंपन्यांचे, कारखान्यांचे, हॉटेलांचे फॅक्स नंबर काढायचे आणि वर्तमानपत्रांची कात्रणं धाडायची. पलीकडे कोण उचलतं याची कल्पना नाही, पण कोणीतरी वाचेल. आमच्या गाइडने फोनच्या बिलाबद्दल चकार शब्द काढला नाही. २१ विद्यार्थी नेत्यांची 'पाहिजे' यादी टीव्हीवर आली तेव्हा त्यांच्यातला एक बाहेर जिन्यात जाऊन बसला. पहिलं नाव वांग दानचं होतं, वय २०. १९९२च्या कायद्याने अशा हजारो विद्यार्थ्यांना अमेरिकेत कायम राहता आलं. दोघांपैकी एकाला वडिलांच्या अंत्यविधीलाही जाता आलं नाही.

हाँगकाँग, बँकेतली नोकरी

४ जूनला संध्याकाळी ऑफिस सुटलं की कॉजवे बेला उतरायचं आणि गर्दीबरोबर व्हिक्टोरिया पार्कच्या फुटबॉल मैदानांवर जायचं. १९९० पासून दरवर्षी हे चाललं होतं. दारातच स्वयंसेवक मेणबत्ती आणि मेण हातावर सांडू नये म्हणून कागदाचा कोन द्यायचे. आठ वाजता दिवे मालवले की मृतांची नावं वाचली जायची. शेजारी बाबागाडीत मूल घेऊन आलेली आई, तिच्या पलीकडे मुख्य भूमीतून आलेले पर्यटक, मान खाली घालून रडणारे. कार्यक्रम संपल्यावर पोरं गुडघ्यांवर बसून फरशीवरचं मेण पट्टीने खरवडून काढायची. सकाळी मैदान स्वच्छ.

२०२०ला कोविडचं कारण देऊन परवानगी नाकारली, तरी हजारो लोक अडथळे ओलांडून आत गेले. २०२१ला पार्कच बंद. सभा भरवणारी संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली आणि तिच्या उपाध्यक्षा, बॅरिस्टर चाउ हांग-तुंग, तुरुंगात गेल्या. त्या डिसेंबरात हाँगकाँग विद्यापीठाने ४ जूनच्या मृतांच्या स्मरणार्थ उभारलेलं 'लज्जास्तंभ' हे शिल्प रातोरात पडदे लावून उतरवलं. दरवर्षी विद्यार्थी ते धुवायचे. आता ४ जूनच्या सुमारास पार्कमध्ये चीनच्या प्रांतांतल्या खाद्यपदार्थांची जत्रा भरते. मी तिथे पाऊल ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही.

बीजिंग, आयटी

माझा अनुभव छोटा आहे. जून जवळ आला की वेइबो या चिनी समाजमाध्यमावरून मेणबत्तीची इमोजी गायब होते. '३५ मे' (मेचे ३१ दिवस आणि वर चार, म्हणजे ४ जून) असं लिहून लोक तारीख सुचवायचे, तेही पुसलं गेलं. टीममधल्या एका हुशार मुलीला रणगाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा तो फोटो ठाऊकच नव्हता. ती मुशिदी मेट्रो स्टेशनवरून रोज ये-जा करायची.

त्याच मुशिदीजवळ ३ जूनच्या रात्री डिंग झिलिन या प्राध्यापक बाईंचा १७ वर्षांचा मुलगा गोळी लागून गेला. अशाच आयांना शोधत, घरोघर जाऊन त्यांनी 'तिआनमेन माता' हा गट उभा केला आणि २०० हून अधिक मृतांची नावानिशी नोंद केली. दर जूनला त्यांच्या दारावर पहारा बसतो. त्यांच्या मागण्या तीन: खरं काय झालं ते सांगा, भरपाई द्या, जबाबदार कोण ते कायद्याने ठरवा. सरकारने आजवर एकही मान्य केलेली नाही, आणि त्या वाट पाहणाऱ्यांतल्या कितीतरी आया आता हयात नाहीत.