एक्सेलमधील पायथन पुरेसे आहे का?

एक्सेलमध्येच पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आल्यावर आर ही आकडेवारीसाठीची भाषा वेगळी शिकण्याचे कारण उरत नाही, असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते. ते पायथन आपल्या संगणकावर चालत नाही. सूत्राला दिलेली माहिती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते, हिशेब तिथे होतो आणि उत्तर परत येते. महापे किंवा वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीच्या करारात ग्राहकाची माहिती बाहेर न पाठवण्याची अट आहे, तिथे हा मुद्दा आधी तपासायला हवा. शिवाय तो कोड आपल्या डिस्कवरील फाइल स्वतः उघडू शकत नाही.

आमच्याकडे गोदामाच्या मासिक अहवालासाठी आर वापरतात. एक्सेलची फाइल आरच्या ‘रीडएक्सएल’ या पॅकेजने वाचायची आणि तक्ते थेट वर्डमध्ये उतरवायचे, म्हणजे आकडे हाताने चिकटवण्याचा धोका टळतो. मात्र तारखांच्या स्तंभाकडे नीट लक्ष द्यावे. त्यात कुणी एका चौकटीत ‘नंतर कळवू’ असे लिहिले असेल, तर संपूर्ण स्तंभ मजकूर म्हणून वाचला जाऊ शकतो आणि 1 एप्रिल 2024 च्या जागी 45383, म्हणजे एक्सेलने त्या तारखेसाठी मोजलेला दिवसांचा आकडा, दिसतो. त्याचे पुन्हा तारखेत रूपांतर करताना मोजणीचा आरंभदिन 30 डिसेंबर 1899 असाच द्यावा लागतो, कारण एक्सेल 1900 हे लीप वर्ष नसतानाही तसे धरते आणि एक दिवस जास्त मोजते. तो न देता आरचा नेहमीचा 1970 चा आरंभ लागू झाला, तर तीच नोंद 2094 सालात जाते आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही.