तारीख सांगणारे व्हिडिओ आणि थांबलेली पेरणी

नवापूरची ताई: प्रभूमध्ये सलाम. धाकट्या दिरांच्या मोबाइलवर रोज रात्री एकच विषय: युद्ध, भूकंप, अमुक तारखेला प्रभू येशू परत येणार. आता म्हणतात, यंदा तूर पेरून काय करायचं? बियाण्याची पिशवी कोठीत तशीच पडून आहे, शिवणसुद्धा उसवलेली नाही. सासूबाईंना झोप लागत नाही. प्रभू येणार यावर माझाही विश्वास आहे, म्हणून त्यांना एकदम खोटं म्हणवत नाही. बायबलच्या वचनातून काय दाखवू?

धुळेकर: ताई, मत्तय २४:३६ दाखवा. तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. युद्धं, भूकंप त्याच अध्यायात आहेत, पण प्रभू म्हणतो घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभू येण्याची म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. फार वाईट वाटतं वाचून.

शहाद्याची मावशी: दिरांशी वाद घालू नकोस गं. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेली बायबलमधली दोन्ही पत्रं सासूबाईंसमोर मोठ्याने वाच, आठच अध्याय आहेत. प्रभूचा दिवस आलाच, असं सांगून घाबरवणारे तेव्हाही होते. काम सोडून बसलेल्यांना पौल बजावतो, स्वतः कष्ट करून भाकर खा. आणि प्रभूच्या येण्याबद्दल लिहून झाल्यावर काय म्हणतो? या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्या शिकवणीने म्हातारीची झोप उडते, ती मला तरी पौलाची वाटत नाही.

नवापूरची ताई: आज जेवणं झाली की वाचायला घेते, दिरांनाही बसवते. वाफसा आलाय, उद्या बैलजोडीचं विचारते.